फ्लॉरेन्समधील १४३९ च्या धर्मपरिषदेची पायी सहल : वाट उत्तम, निष्कर्ष घाईचा

एप्रिलमध्ये लेकीकडे मिलानला राहायला गेले असताना दोन दिवस फ्लॉरेन्सला जाऊन आले आणि त्यातली एक अख्खी सकाळ एका पायी सहलीला दिली. सहलीचा विषय होता १४३९ ची फ्लॉरेन्सची धर्मपरिषद. रोमची कॅथलिक आणि कॉन्स्टँटिनोपलची ऑर्थोडॉक्स अशा दुभंगलेल्या दोन ख्रिस्तसभा पुन्हा एक झाल्याची घोषणा या परिषदेत झाली, आणि पुढच्या चौदा वर्षांत त्या घोषणेचा पाचोळा झाला. फ्लॉरेन्समध्ये शिल्पांच्या, चित्रांच्या, चामड्याच्या वस्तूंच्या आणि खाण्यापिण्याच्या सहली पैशाला पासरी मिळतात. धर्मपरिषदेवर साडेतीन तास चालवणारी सहल मात्र दुर्मीळ, म्हणून मी लगेच नाव नोंदवले. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण माझी तक्रार तिच्या व्यवस्थेबद्दल नाही. ती आहे तिने विकायला काढलेल्या निष्कर्षाबद्दल, आणि तो निष्कर्ष काही तिच्या एकटीचा नाही.

व्यवस्थेचे आधी सांगते, म्हणजे ते हातावेगळे होईल. आम्ही अकराजण होतो, मार्गदर्शक तरुण होता, इंग्रजी स्वच्छ बोलत होता, वेळेवर आला आणि प्रत्येकाच्या कानात ऐकण्याचे छोटे यंत्र दिले. माझ्या यंत्राची बॅटरी वाटेत गेली, ती त्याने तत्परतेने बदलून दिली. तिकिटे सहलीच्या दरात धरलेली नव्हती, हे नोंदणीच्या पानावर अगदी बारीक अक्षरांत लिहिले होते. जाणाऱ्याने ते आधी वाचावे. चालणे बेताचे आहे, पण रस्ते दगडी असल्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी बूट विचारपूर्वक निवडावेत.

आता विषय. सहलीच्या जाहिरातीतच म्हटले होते की एका सम्राटाने सैन्यासाठी आपला धर्म कसा विकला, हे तुम्हाला कळेल. मार्गदर्शकाने सांता मारिया नोवेल्लाच्या चौकात उभे राहून पहिल्या पाच मिनिटांत तेच सांगितले : तुर्क कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीशी आले होते, आठवा जॉन पालेओलोगस या सम्राटाला पश्चिमेकडून फौज हवी होती, पोपला त्या बदल्यात शरणागती हवी होती, बाकी सगळा पवित्र आत्मा (ख्रिस्ती श्रद्धेतल्या एकाच देवाच्या पिता, पुत्र, आत्मा या तीन व्यक्तींपैकी तिसरी) कोणापासून येतो, हा वाद म्हणजे वरचा मुलामा. हे ऐकायला चुरचुरीत आहे, यातले अर्धे खरेही आहे, आणि म्हणूनच त्याचा मला त्रास झाला.

सम्राट राजकीय गरजेपोटीच आला, याबद्दल वाद नाही. पण पोपची गरज मार्गदर्शकाने जवळजवळ गाळूनच टाकली. पोप चौथे युजीन त्या वेळी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे भरलेल्या दुसऱ्या एका परिषदेशी झुंजत होते. पोप श्रेष्ठ की परिषद श्रेष्ठ, असा तो झगडा होता. ग्रीकांना, म्हणजे ऑर्थोडॉक्स बाजूला, आपल्याकडे आणण्यासाठी पोपनेही जहाजे पाठवली आणि बाझलवाल्यांनीही पाठवली. सम्राट आणि त्याच्याबरोबरची सुमारे सातशे माणसे नोव्हेंबर १४३७ मध्ये पोपच्या जहाजांत बसली, तेव्हा तो पोपचा बाझलवर झालेला विजयच होता. पुढे २५ जून १४३९ रोजी बाझलने युजीन यांना पदच्युत केल्याचे जाहीर केले, आणि अकराच दिवसांनी, ६ जुलैला, फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये एकीकरणाचा हुकूमनामा वाचला गेला. इतके जवळजवळ आलेले दोन दिवस सांगितल्याशिवाय या परिषदेचे राजकारण सांगून होत नाही. यजमान शहराचाही हिशेब होताच. परिषद फेरारात सुरू झाली होती आणि प्लेगचे कारण देऊन जानेवारी १४३९ मध्ये ती फ्लॉरेन्सला हलवली गेली. पण पोपच्या तिजोरीत खडखडाट होता आणि कोझिमो दे मेदिची या धनाढ्य सावकाराच्या शहराने खर्चाचा भार उचलण्याची तयारी दाखवली होती, हे त्या हलवाहलवीचे तितकेच खरे कारण आहे. सगळे राजकारणच होते असे म्हणणाऱ्या सहलीने निदान ते तरी पूर्ण सांगावे.

परंतु माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. प्रकरण निव्वळ सौद्याचे असते, तर ते पंधरवड्यात मिटले असते. ग्रीक मंडळी फेरारात आली मार्च १४३८ मध्ये, आणि सही झाली जुलै १४३९ मध्ये. मधल्या काळात त्यांनी शुद्धिस्थानावर (मृत्यूनंतर आत्मे शुद्ध होतात त्या अवस्थेवर) वाद घातला, मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, एखादा शब्द घालण्याचा अधिकार कोणाला, यावर फेरारात ऑक्टोबर ते डिसेंबर १४३८ वाद घातला, आणि मार्च १४३९ मध्ये फ्लॉरेन्सला त्या शब्दाच्या अर्थावर बैठकांमागून बैठका घेतल्या. तो शब्द म्हणजे लॅटिनमधला ‘फिलिओक्वे’, ‘आणि पुत्रापासून’. आम्ही वसईचे कॅथलिक मिस्सात जेव्हा मोठा मतांगीकार म्हणतो, तेव्हा पवित्र आत्मा पिता आणि पुत्र यांच्यापासून येतो असे म्हणून पुढच्या ओळीकडे जातो. त्या दोन शब्दांपाशी कोणाचा श्वास अडकत नाही. एफेससचा बिशप मार्क याचा मात्र तेथेच अडकला. मूळ मतांगीकारात फक्त ‘पित्यापासून’ असे होते, सार्वत्रिक परिषदांनी त्यात भर घालण्यास मनाई केली होती, आणि रोमने ती भर एकट्याने घातली, हा त्याचा मुद्दा होता. आणि त्याखाली त्याहून खोल मुद्दा असा की देवत्वाचा उगम एकच, तो पिता, आणि पुत्राला त्या उगमात भागीदार केले की देवाबद्दलची समजूतच बदलते.

सांता मारिया नोवेल्लाच्या आत गेल्यावर जी गोष्ट घडली, ती मला या सहलीतली सर्वांत मोठी चूक वाटते. डाव्या भिंतीवर मासाच्चोचे ‘त्रैक्य’ हे भित्तिचित्र आहे. मार्गदर्शक म्हणाला, यथार्थदर्शनाचा हा आरंभीचा महत्त्वाचा नमुना, आणि चालू लागला. मी तेथेच थांबले. चित्रात वर पिता उभा आहे, त्याने दोन्ही हातांनी क्रूस सावरला आहे, क्रुसावर पुत्र आहे, आणि पित्याच्या हनुवटीखाली एक पांढरा आकार आहे जो पहिल्या नजरेला अंगरख्याची कॉलर वाटतो. नीट पाहिल्यावर ते पंख पसरलेले कबुतर आहे हे कळते, म्हणजे पवित्र आत्मा : पित्याच्या मुखाच्या खाली, पुत्राच्या मस्तकाच्या वर, बरोबर दोघांच्या मध्ये. हे चित्र १४२० च्या दशकातले आहे, म्हणजे परिषदेच्या वेळी ते या भिंतीवर होते. पोपचा मुक्काम याच मठाच्या आवारात होता. ते या वादासाठी काढलेले नाही, आणि कोणी ग्रीक बिशप त्यासमोर उभा राहिला होता असेही मी म्हणणार नाही. पण वाद कशाबद्दल होता हे अकरा पर्यटकांना एका मिनिटात दाखवायचे असेल, तर साऱ्या शहरात याहून सोपे साधन नाही. ते हाताशी असताना आम्हाला मोजमाप आणि मितींचे व्याख्यान मिळाले.

उजव्या बाजूच्या आडव्या दालनात पेट्रिआर्क, म्हणजे ऑर्थोडॉक्स सभेचा प्रमुख धर्मगुरू, दुसरा जोसेफ याची कबर आहे. कॉन्स्टँटिनोपलचा पेट्रिआर्क डोमिनिकन या कॅथलिक संघाच्या चर्चमध्ये चिरविश्रांती घेतो, ही गोष्टच विलक्षण आहे. तो म्हातारा आणि आजारी होता, १० जून १४३९ रोजी, सहीच्या चार आठवडे आधी, वारला. मृत्यूपूर्वी त्याने रोमचे म्हणणे मान्य करणारा कागद लिहून ठेवला असे सांगितले गेले. त्या कागदाच्या अस्सलपणावर अभ्यासकांत वाद आहे. मार्गदर्शकाने कागद सांगितला, वाद सांगितला नाही. मला त्याहून जोसेफचा फेरारातला प्रसंग सांगायला आवडला असता. पोपच्या पायाचे चुंबन घ्यावे अशी अपेक्षा त्याच्यापुढे ठेवली गेली, तेव्हा त्याने साफ नकार दिला आणि जहाजावरून उतरायलाही तो तयार होईना. अखेर पोपने त्याला खासगीत भेटून गालाचे चुंबन स्वीकारले. हा मानापमान राजकीय म्हणायचा की धार्मिक? पोप हा पिता की थोरला भाऊ, हाच तर चर्चेतला एक विषय होता. या माणसांच्या आयुष्यात ते दोन कप्पे वेगळे नव्हतेच, आणि आजच्या सोयीसाठी आपण ते पाडले की प्रसंगाचा अर्थ हातातून निसटतो.

आमच्या गटात एक वयस्क ग्रीक गृहस्थ होते. कबरीपाशी त्यांनी उजवीकडून डावीकडे क्रुसाची खूण केली आणि बाजूला उभे राहिले. मला सिल्वेस्टर सिरोपूलोसच्या आठवणी आठवल्या. हा परिषदेला आलेला, नाखुशीने सही केलेला आणि नंतर सगळे लिहून ठेवलेला पाद्री. त्याने एका सोबत्याचे बोलणे नोंदवले आहे : लॅटिनांच्या (म्हणजे रोमच्या बाजूच्या) चर्चमध्ये गेलो की तिथले संत मला ओळखू येत नाहीत, ख्रिस्त ओळखू येतो, पण त्याच्यावरही काय लिहिले आहे ते कळत नाही, म्हणून मी स्वतःच क्रुसाची खूण करतो आणि तिलाच वंदन करतो. हे बोलणाराच पुढे एकीकरणाच्या बाजूने गेला, ही त्यातली गंमत. सिरोपूलोस भत्ता थकल्याच्या तक्रारीही भरभरून करतो, आणि भत्ता रोखून ग्रीकांना नरम केले जात होते असे सुचवतो. राजकारणवाद्यांना हे पान फार आवडते. पण पोटाला चिमटा बसूनही माणसे महिनोन्‌महिने एका शब्दासाठी अडून बसली, हेही त्याच पानावर आहे.

तेथून मेदिचींच्या वाड्यात गेलो. बेनोत्झो गोत्झोलीने रंगवलेले छोटे प्रार्थनागृह बघायला आत थोड्याच माणसांना सोडतात, त्यामुळे तिकीट आधी काढावे. भिंतीवरच्या तीन राजांपैकी दाढीवाला, मुकुटधारी राजा म्हणजे सम्राट जॉन, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ही ओळख पक्की नाही, हे मार्गदर्शकाने प्रामाणिकपणे सांगितले, त्याचे गुण मी देते. मात्र लगेच पुढे तो म्हणाला की सम्राट याच वाड्यात उतरला होता. वाड्याचे बांधकाम १४४४ मध्ये सुरू झाले आणि चित्रे १४५९ च्या सुमाराची आहेत, म्हणजे तोवर कॉन्स्टँटिनोपल पडून सहा वर्षे लोटली होती. मी हे हळूच लक्षात आणून दिले. त्याने हसून मान्य केले आणि पुढच्या गटाला तो तेच सांगणार हे त्याच्या हसण्यावरून मला कळले.

लॉरेन्शियन ग्रंथालयासमोर आम्ही जेमतेम चार मिनिटे थांबलो, तेही बाहेर. हुकूमनाम्याची सम्राटाच्या लाल शाईतल्या सहीची मूळ प्रत या ग्रंथालयाच्या संग्रहात आहे, एवढे सांगून झाले. येथे खरे तर बेसारियनची गोष्ट हवी होती. तो निकेआचा आर्चबिशप, ग्रीक बाजूचा विद्वान, आणि शेवटी एकीकरणाचा खंदा पुरस्कर्ता. प्राचीन ग्रीक धर्माचार्य संत बाझिल यांच्या एका ग्रंथातले पवित्र आत्म्याबद्दलचे वाक्य लॅटिन प्रतीत एक तर ग्रीकांच्या बऱ्याच प्रतींत दुसरेच, असा प्रश्न परिषदेत उपस्थित झाला होता. बेसारियन परत गेल्यावर कॉन्स्टँटिनोपलमध्ये जुनी हस्तलिखिते धुंडाळत बसला, आणि जुन्या प्रतींत लॅटिनांच्या बाजूचा वादातला मजकूर सापडतो, इतकेच नव्हे तर एका प्रतीत तो खरवडून काढलेला दिसतो, असे त्याने लिहून ठेवले. ज्याचे मत सौद्यात विकले गेले, तो माणूस सही झाल्यानंतर चर्मपत्रावरची खरवड तपासायला जात नाही. नंतर तो रोमचा कार्डिनल झाला आणि त्याला मानधन मिळाले, हे खरे आहे. पण त्याच्याभोवती साठत गेली ती पुस्तके, आणि ती त्याने १४६८ मध्ये व्हेनिसला देऊन टाकली.

मार्गदर्शकाने लिओंची १२७४ ची परिषद आणि फ्लॉरेन्सची परिषद एकाच दमात, एकच खेळ दोनदा म्हणून सांगितली. योगायोगाने दोन्ही घोषणा ६ जुलैच्याच. पण ‘निव्वळ राजकारण’ हे वर्णन शोभते ते लिओंला. आठव्या मायकेल पालेओलोगसने १२६१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लॅटिनांकडून परत मिळवले होते, आणि सिसिलीचा राजा चार्ल्स ऑफ आंजू ते पुन्हा हिसकावायला टपला होता. चार्ल्सला आवरू शकेल असा एकच माणूस होता, तो पोप. मायकेलचे दूत लिओंला गेले, वाद घातला नाही, शपथ घेतली आणि परतले. घरी मात्र विरोधकांवर तुरुंग आणि अत्याचार ओढवले. १२८१ मध्ये नव्या पोपने मायकेललाच बहिष्कृत केले, पुढच्या वर्षी सिसिलीत बंड होऊन चार्ल्सचा धोका टळला, आणि त्याच वर्षी मायकेल वारला तेव्हा त्याच्या मुलाने त्याचे ऑर्थोडॉक्स विधीने दफनही होऊ दिले नाही. ज्याने राज्य वाचवले त्याच्या वाट्याला विधीशिवाय खड्डा. तरी त्या लिओंच्या प्रकरणातही जॉन बेक्कोस नावाचा पाद्री आहे, जो एकीकरणाला विरोध केल्याबद्दल तुरुंगात पडला, तेथे धर्माचार्यांचे ग्रंथ वाचून त्याचे मत बदलले, आणि सम्राट गेल्यावर नवे मत न सोडल्यामुळे तो पुन्हा तुरुंगात गेला. अशा माणसाला कोणत्या खान्यात घालायचे?

आपल्याकडेही असा एक माणूस आहे. गोव्यातील वेर्ण्याचे पाद्री आल्व्हारिस पोर्तुगीज पाद्रोआदो (पोर्तुगालच्या राजाचा इथल्या चर्चवरचा अधिकार) आणि रोम यांच्या अधिकाराच्या भांडणात कॅथलिक सभेबाहेर पडले आणि १८८९ मध्ये केरळमधील मलंकर ऑर्थोडॉक्स सभेचे बिशप झाले. सुरुवात राजकीय होती यात शंका नाही. पण १९२३ मध्ये मरेपर्यंत ते ऑर्थोडॉक्सच राहिले आणि त्यांची कबर रायबंदरला आहे. भांडण विरले, श्रद्धा उरली.

शेवटचा थांबा कॅथेड्रल. ब्रुनेलेस्कीचा घुमट तेव्हा नवा कोरा होता. त्याच्या खाली कार्डिनल चेझारिनी यांनी लॅटिनमध्ये आणि बेसारियनने ग्रीकमध्ये हुकूमनामा वाचला. लॅटिनांचे ‘पुत्रापासून’ आणि ग्रीकांचे ‘पुत्राद्वारे’ या दोहोंचा आशय एकच, मिस्सासाठी बेखमीर भाकर आणि खमिराची भाकर दोन्ही ग्राह्य, शुद्धिस्थानात अग्नीचा उल्लेख नाही, पोपचे अग्रस्थान मान्य पण पेट्रिआर्कांचे हक्क राखून. हा मसुदा बनला कसा, हे मार्गदर्शकाने सांगितलेच नाही. दोन्ही बाजूंची एक समान धारणा होती की संतांच्या मुखातून एकच आत्मा बोलतो, म्हणून लॅटिन संत आणि ग्रीक संत एकमेकांच्या विरुद्ध बोलूच शकत नाहीत. शब्द वेगळे दिसले तरी अर्थ एक असलाच पाहिजे. या धारणेवर अनेकांनी सही केली, आणि ती खास श्रद्धेची धारणा आहे, मुत्सद्दीपणाची नव्हे. मार्कने सही केली नाही. लॅटिनांचे उतारे बनावट किंवा बिघडलेले आहेत असे तो मानत होता. पोपला हे कळल्यावर ‘मग आपण काहीच साधले नाही’ असे ते म्हणाल्याचे सांगतात.

येथे त्या ग्रीक गृहस्थांनी सहलीतला एकमेव प्रश्न विचारला : सगळे राजकारणच होते, तर मार्कने सही का केली नाही? मार्गदर्शक म्हणाला, हट्टी होता. गृहस्थांनी मान हलवली आणि पुढे काही विचारले नाही. मला वाटले, निदान एवढे तरी सांगायला हवे होते की पोपने मार्कला शिक्षा व्हावी असा आग्रह धरला असता त्याला सुखरूप घरी नेले ते त्याच धर्म विकणाऱ्या सम्राटाने.

नंतरचा भाग मार्गदर्शकाने झपाट्याने उरकला, आणि ते योग्यच होते, कारण तो फ्लॉरेन्समध्ये घडलेला नाही. मॉस्कोला एकीकरणाची बातमी घेऊन गेलेल्या, रशियन ख्रिस्तसभेचा प्रमुख असलेल्या इसिदोरला तेथे कैद झाली, तो कसाबसा निसटला. पश्चिमेची फौज निघाली, पण १४४४ मध्ये बल्गेरियातील वार्ना येथे तिचा धुव्वा उडाला आणि चेझारिनी तेथेच मारले गेले. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियात एकीकरण जाहीर झाले ते १२ डिसेंबर १४५२ ला, म्हणजे शहर पडण्याच्या साडेपाच महिने आधी, आणि त्यानंतर बरेच लोक त्या चर्चकडे फिरकेनासे झाले. तुर्क दाराशी असताना, मदतीची एकमेव आशा ज्या कागदावर होती, तोच कागद लोकांनी नाकारला. राजकारणाने याचा उलगडा कसा होतो, हे मला कोणी समजावून द्यावे. १२०४ मध्ये लॅटिन फौजांनी हेच शहर लुटले होते, ती जखम या नकारात होतीच, ती राजकीय म्हणा हवी तर. पण लोक जे बोलत होते ते भाकरीबद्दल आणि मतांगीकाराबद्दल.

एकंदरीत पाचपैकी तीन. वाट चोख आखलेली आहे, थांबे अचूक आहेत, मार्गदर्शक नम्र आहे आणि चूक दाखवली तर रागावत नाही. ज्यांना या परिषदेची काहीच माहिती नाही, त्यांनी जायला हरकत नाही. ज्यांना थोडी आहे, त्यांनी तेच पैसे सांता मारिया नोवेल्ला आणि मेदिची वाड्याच्या तिकिटांवर खर्चून एकट्याने फिरावे. सकाळची वेळ घ्यावी, चर्चमध्ये खांदे झाकलेले असावेत, आणि मासाच्चोच्या चित्रापुढे गट पुढे सरकू लागला तरी दोन मिनिटे मागे राहून ती कॉलर जरूर शोधावी.